बेळगावच्या हवेत केप हीथ: कुंडी, पाणी आणि पावसाचं छप्पर

हीथ या फुलझुडपाचं शास्त्रीय नाव एरिका. "एरिका आहे का हो?" असं आपल्याकडच्या नर्सरीत विचारलं की माळीमामा अरेका पामची कुंडी पुढे करतात. बोलताना दोन्ही नावं सारखीच ऐकू येतात, त्यात त्यांची चूक नाही. आणखी खोदून "हीथ, हेदर" म्हटलं तर कुफिया मिळते. बारीक पानं, चिमुकली जांभळी फुलं, फूटभर उंचीचं गुटगुटीत झुडूप. ती दिसते हीथसारखी, पण आहे मेंदीच्या कुळातली, मूळची मेक्सिको-ग्वाटेमालाकडची. ओळखायची खूण सोपी आहे. कुफियाच्या फुलाला सहा सुट्या पाकळ्या असतात आणि पानं समोरासमोर जोडीने येतात. खऱ्या हीथच्या पाकळ्या एकमेकींना जुळून त्यांची नळी, घंटा किंवा इवलंसं मडकं झालेलं असतं. पानं सुईसारखी, आणि एकाच पेरावर तीन-चार मिळून गोलाकार आलेली.

एरिका या प्रजातीत आठशेहून जास्त जाती आहेत. त्यातल्या सुमारे सातशे दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप भागातल्या डोंगरउतारांवर आणि वालुकामय सपाटीवर वाढतात. युरोपातल्या मोजक्या हीथ बर्फातही तग धरतात. केपच्या बहुतेक जाती मात्र हिमतुषार पडला की काळ्या पडतात, म्हणून त्यांना नाजूक हीथ म्हणतात. वर्षभर हिरव्या राहतात आणि फुलल्या की महिना-दोन महिने फूल टिकतं. १७७२ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानाने फ्रान्सिस मॅसन या माळ्याला केपला पाठवलं. त्याने धाडलेल्या झाडांत या हीथ भरपूर होत्या. पुढची काही दशकं युरोपच्या काचघरांत त्यांचंच वेड होतं.

युरोपातलं कुठलंही मार्गदर्शन वाचलं तर पहिला अर्धा भाग थंडीबद्दल असतो: काचघर किती गरम ठेवायचं, रात्रीचं तापमान पाच अंशांखाली कसं जाऊ द्यायचं नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा साधारण १३-१४ अंशांवर येतो. हीथला ही थंडी मनापासून आवडते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तिकडचे लोक जिवाचं रान करतात, ती आपल्याला हवेतूनच मिळते. आपल्याकडे हीथ मरते ती जून ते सप्टेंबरच्या पावसाने, बोअरवेलच्या जड पाण्याने आणि एप्रिल-मेमध्ये तापलेल्या कुंडीने. म्हणून आपलं ग्रीनहाऊस ऊब धरण्यासाठी बांधायचं नाही. पाऊस अडवायचा आणि वारा खेळू द्यायचा, एवढ्यासाठीच ते बांधायचं. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

कुठली जात घ्यावी

केपटाऊनच्या आसपासच्या जाती हिवाळी पावसाच्या आणि कोरड्या उन्हाळ्याच्या सवयीच्या. आपलं चक्र नेमकं उलटं. त्या जाती सुंदर असतात, पण सुरुवात त्यांच्यापासून करू नका. पूर्वेकडे सरकलं की वर्षभर किंवा उन्हाळ्यात पाऊस पडणारा पट्टा लागतो. तिकडच्या जाती दमट उकाडा जास्त सोसतात.

माझी पहिली पसंती एरिका कॅनालिक्युलाटा. केपच्या दक्षिण किनारपट्टीवरची, वाढायला जोमदार. फिकट गुलाबी घंटांनी अख्खं झुडूप झाकून जातं आणि आतले काळपट परागकोश त्यात ठिपक्यांसारखे उठून दिसतात. कुंडीत ती कमरेएवढी होते. दुसरी एरिका काफ्रा. ती ओढ्याकाठी वाढणारी असल्यामुळे मुळाशी ओलावा इतरांपेक्षा जास्त चालतो. फूल पांढरट, सुवासिक. तिसरी एरिका सेरिंथॉइडिस. लालभडक, लोमश नळ्यांचे झुपके फांदीच्या टोकाला येतात. दक्षिण आफ्रिकेत सर्वांत दूरवर पसरलेल्या हीथमध्ये तिची गणना होते. वणव्यात जळाली तरी बुडख्यातून पुन्हा फुटते, आणि छाटणीच्या वेळी हा गुण फार कामाला येतो. तिकडे अशा नळीदार फुलांतला मध शिंजीरांचे भाऊबंद पितात. माझ्याकडे सेरिंथॉइडिस पहिल्यांदा फुलली तेव्हा तिसऱ्या दिवशी शिंजीर हजर होता. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे!

एरिका ग्रासिलिस ही बारीक गुलाबी मण्यांची जात जर्मनीत शरद ऋतूत कुंड्यांतून प्रचंड विकली जाते. ती एका हंगामापुरतीच धरावी, आपल्या पावसाळ्यात ती टिकवणं अवघड.

रोप मिळवणं हीच पहिली अडचण. कुणा हौशी माणसाकडे असेल तर काडी मागून घ्या. बी परदेशातून मागवायचं तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी, म्हणजे बी रोग-किडींपासून मुक्त असल्याचं, प्रमाणपत्र लागतं. पाहुण्यांच्या बॅगेतून पुडी आणवू नका. मातीतून आणि बियांतून रोग कसे पसरतात हे शेतकऱ्यांच्या भागात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

छप्पर

माझं छप्पर ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद आहे, पंधरा कुंड्यांना पुरतं. चार जीआय पाइप, वर २०० मायक्रॉनचा अतिनील किरण सोसणारा पॉलिथिन कागद. एक बाजू २.४ मीटर उंच आणि दुसरी २ मीटर, म्हणजे पाणी एका अंगाने वाहून पन्हळीत पडतं. बाजू उघड्या. कागद कमी उंचीवर बांधला तर खाली वाफ कोंडते, आणि कोंडलेली हवा हीथला पावसाइतकीच वाईट.

आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झडीने येतो, नुसतं वरून झाकून भागत नाही. त्या बाजूला छपरापासून खाली दीड मीटरपर्यंत पडदा सोडा आणि खालचा भाग मोकळा ठेवा. झड अडते, वारा चालू राहतो. कुंड्या जमिनीवर ठेवायच्या नाहीत. जांभ्याचे चिरे रचून त्यावर लोखंडी जाळी किंवा फळ्या फटी ठेवून टाका, जमिनीपासून दीड फूट उंच. कुंडीच्या भोकातून पाणी निथळायला हवं आणि खालूनही वारा लागायला हवा.

पहिल्या वर्षी मी हे काही केलं नव्हतं. आंब्याखाली सावली बरी म्हणून चार कुंड्या ठेवल्या. जुलैत पानांवरून पागोळ्या गळत राहिल्या आणि बारा दिवसांत चारही झुडपं करडी पडली. एक फांदी निस्तेज दिसते, वाटतं तहानलीय, आपण आणखी पाणी घालतो, आणि आठवड्यात सगळं संपतं. हा फायटोफ्थोरा नावाचा मूळकुजव्या. भिजलेल्या, हवा नसलेल्या मातीत तो मुळं खातो. मूळ गेलं की पाणी असूनही झाड सुकतं. लागण झालेलं झाड वाचवायच्या फंदात पडू नका. कुंडीसकट बाजूला करा, माती बागेत टाकू नका, कुंडी घासून कडक उन्हात वाळवा.

माती

हीथच्या मुळांना इतर झाडांसारखे मूलरोम नसतात. त्यांची टोकं केसाहून बारीक असतात आणि एका बुरशीशी त्यांची भागीदारी असते. आम्लधर्मी, निकस मातीतलं अन्न ती बुरशी मिळवून देते. त्यामुळे माती आम्ल हवी, सामू म्हणजे पीएच ४.५ ते ५.५. शिवाय ती हलकी हवी आणि खताने माखलेली नको.

खानापूर, जांबोटी, बेळगावचा पश्चिम भाग आणि पलीकडे चंदगडची लाल जांभा माती स्वभावानेच आम्ल आहे. निपाणी, चिकोडी, अथणी, रायबागकडची काळी माती नेमकी उलट. तिच्यात चुनखडीचे खडे असतात, सामू ८ च्या वर जातो. त्या भागातल्या वाचकांनी जमिनीत लावायचा विचारच करू नये, कुंडीतही घरची माती चिमूटभर घालू नये. माती कुठली याची शंका असेल तर तिच्यावर व्हिनेगर शिंपडा. फसफसली तर चुना आहे. वाळूलाही हीच परीक्षा लावा.

माझं मिश्रण मापाने असं: तीन भाग कोकोपीट, दोन भाग पानकूज, तीन भाग जांभ्याचा चुरा, एक भाग चुना नसलेली धुतलेली जाड वाळू. कोकोपीटमध्ये क्षार असतात. ते बादलीत भिजवून, पिळून, पाणी बदलून तीनदा धुवा. पानकूज घरीच करावी. आंबा, फणस यांची वाळली पानं आणि मिळाली तर सुरूच्या काड्या गोणपाटात भरून पावसात ठेवल्या की वर्षभरात हाताने कुस्करता येईल इतकी मऊ होतात. जांभ्याचा चुरा चिरेखाणीवर फुकट मिळतो. तो चाळून बारीक पूड काढून टाका, हरभऱ्याच्या डाळीपासून वाटाण्याएवढे खडेच ठेवा. ही पूडच निचरा बंद करते, म्हणून चाळण्याचा कंटाळा करू नका. शेवटी कृषी दुकानात मिळणारी ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशीची) पावडर पाकिटावरच्या प्रमाणात मिसळून मिश्रण आठवडाभर सावलीत ओलसर ठेवा.

आता काय घालायचं नाही ते. चुलीतली राख नको, अंड्याची टरफलं नकोत, हाडांचं खत नको, सुपर फॉस्फेट नको. शेजारच्या अक्कांनी प्रेमाने माझ्या कुंडीत वाटीभर टरफलांची पूड घातली होती, गुलाबाला चालते म्हणून. महिनाभरात शेंडे पिवळे पडले. चुन्याने माती विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट, झाली की लोह जमिनीत असूनही मुळांना घेता येत नाही. शेणखतही टाळा. आपल्याला हे जड वाटतं, कारण शेणखत नाही म्हणजे झाडाला उपाशी ठेवल्यासारखं. पण ही झाडं निकस मातीवरच वाढलेली आहेत. चहाचा चोथा घालायचा मोह होतो, पण आपला चहा दूध-साखरेचा. मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात.

पाणी

झाडं मरतात त्यांतली निम्मी इथे मरतात, असा माझा अनुभव. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यातला चुना रोज थोडा थोडा कुंडीत साठतो आणि सहा महिन्यांत चांगल्या मातीचा सामू चढतो. उपाय छपरावरच आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस होतो. माझ्या सहा चौरस मीटरच्या छपरावर सात हजार लिटर पडतं. कोरड्या महिन्यांत एका ८ इंची कुंडीला रोज सरासरी ३०० मिलिलिटर धरलं, तर पंधरा कुंड्यांना साडेचार लिटर, आणि नोव्हेंबर ते मे या २१२ दिवसांत सुमारे ९५० लिटर. म्हणजे एक हजार लिटरची टाकी पुरते. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्या, छपरावरची धूळ आणि विष्ठा त्यात असते. नंतर पन्हळीचं तोंड टाकीत वळवा, डास होऊ नयेत म्हणून तोंडाला बारीक जाळी बांधा. कणकुंबीकडे पाऊस शहराच्या दुपटीहून जास्त, तिथे टाकी जुलैतच भरेल. अथणीकडे पाऊस निम्म्यावर, तिथे छप्पर थोडं मोठं करा.

टाकी आटली तर नळाचं किंवा बोअरचं पाणी पीएच पट्टीने तपासा आणि पांढरं व्हिनेगर थेंब-थेंब घालत साडेपाच-सहावर आणा. हे तात्पुरतं, रोजचं नाही. एक गोष्ट आवर्जून सांगते: घरच्या आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालायची आपल्याला चांगली सवय लागली आहे, पण हीथला ते कधीही घालू नका. त्यात पाण्यातले सगळे क्षार एकवटलेले असतात.

कुंडी पूर्ण वाळू द्यायची नाही आणि चिखलही होऊ द्यायचा नाही. बोट खुपसून कळत नाही, कारण वर कोरडं आणि आत ओलं असतं. कुंडी उचलून बघा. पाणी घातल्यावर किती जड लागते ते एकदा हाताला कळलं की पुढे हातच सांगतो. हीथ कोमेजून मान टाकत नाही. ती उभ्या उभ्या वाळते, आणि वाळलेली परत येत नाही. मुळांचा गोळा एकदा सुकला की वरून घातलेलं पाणी कडेने निसटून जातं. तसं झालं तर कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, मग निथळून घ्या. एरवी खाली थाळी ठेवूच नका.

मार्च ते मे

पारा ३६-३७ वर जातो तेव्हा पानांना होतो त्याहून मुळांना त्रास जास्त होतो. दुपारच्या उन्हात प्लास्टिकची काळी कुंडी हात लावू नये इतकी तापते. खानापूर कौलांसाठी आणि मातीच्या भांड्यांसाठी जुनं नावाजलेलं गाव. तिथल्या कुंभाराकडून दोन मापांच्या कुंड्या आणा, रोगण न लावलेल्या. लहान कुंडीत झाड, ती मोठ्या कुंडीत, मधल्या फटीत ओली वाळू. माठातलं पाणी ज्या न्यायाने गार राहतं, त्याच न्यायाने मुळं गार राहतात. वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी द्या. ते आतल्या कुंडीत झिरपतं म्हणून तेही पावसाचंच असलेलं बरं.

छपराखाली ५० टक्क्यांची शेडनेट बांधा, पण ऑक्टोबरमध्ये काढा. हिवाळ्यात या झाडांना दिवसभर ऊन लागतं, सावलीत ती लांबोडी होतात आणि फुलत नाहीत. वळवाचा पाऊस गारांसह येतो, तेव्हा कागदाचे दोर आधीच ताणून ठेवा.

लावणी, खत, छाटणी

रोप नव्या कुंडीत हलवायचं ते पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये. एका वेळी एकच माप वाढवा, चार इंचांतून थेट दहा इंचांत नाही. मोठ्या कुंडीतली मूळ नसलेली माती ओली राहते आणि कुजते. मुळांचा गोळा फोडू नका, विस्कटू नका. रोप आधीच्याच खोलीवर बसवा, माती दाबून ठोकू नका. वरून जांभ्याचे खडे पसरा.

खत ऑक्टोबर ते फेब्रुवारी, महिन्यातून एकदा. अमोनियम सल्फेट एका लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, आणि तेही ओल्या मातीवर. पावसाळ्यात आणि कडक उन्हाळ्यात काही नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, द्या. मात्र पिवळेपणाचं मूळ पाण्यात आहे का ते आधी बघा, नाहीतर लोह घालत राहाल आणि चुना साचत राहील.

फूल संपलं की लगेच छाटणी करा. फुललेल्या फांदीचा साधारण एक तृतीयांश भाग कापा, हिरवी पानं असलेल्या जागीच. पानं गळालेल्या जुन्या लाकडात कात्री नेली तर बहुतेक जाती तिथून फुटत नाहीत. सेरिंथॉइडिस अपवाद: ती लांबोडी झाली की बुडख्यापासून एक वीत ठेवून सगळी कापली तरी चालते. लहान रोपांचे शेंडे चार इंचांवर खुडा, म्हणजे बगलफुटी येतात. छाटणीला उशीर झाला तर पुढच्या वर्षीचं फूल जातं, आणि मन घट्ट करून छाटलं नाही तर तिसऱ्या वर्षी खाली नुसते काटकुळे खुंट उरतात.

किडी फार नाहीत. मार्चच्या कोरड्या हवेत लाल कोळी येतो, पानांच्या मागून पाण्याचा फवारा मारला की कमी होतो. पिठ्या ढेकूण दिसला तर आधी मुंग्यांची वाट बंद करा. पावसाळ्यात कुंडीत पडलेली सुकी फुलं वेचून काढा, त्यांच्यावर करडी बुरशी धरते.

काडी आणि बी

कुंडीतली हीथ सहा-सात वर्षांत थकते, म्हणून दरवर्षी थोड्या काड्या लावाव्यात. वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. फूल नसलेल्या बगलफांद्या निवडा, शेंडा कोवळा पण बूड किंचित कडक झालेलं, दीड इंच लांब. खाली ओढून तोडली की बुडाला सालीची टाच येते, ती राहू द्या. खालची पानं हलक्या हाताने काढा. अर्धं धुतलेलं कोकोपीट आणि अर्धं परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) अशा मिश्रणात अर्धा इंच खोचा. वरून तळ काढलेली पाण्याची बाटली झाका, झाकण दिवसा काढा. उजेड भरपूर हवा, थेट ऊन नको. दोन ते अडीच महिन्यांत मुळं धरतात. दहांत पाच लागल्या तरी समाधान माना.

बी धुळीसारखं बारीक असतं. ते चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून ट्रेच्या पृष्ठभागावर भुरभुरवा, वर माती घालू नका आणि पाणी खालून चढवा. केपच्या रानात वणव्यानंतर बी उगवतं. ते आगीच्या उष्णतेनेच नव्हे, धुरातल्या रसायनांनीही जागं होतं, हे १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. आपल्याकडे धुराला तोटा नाही. पेरलेला ट्रे ताडपत्रीच्या लहान तंबूत ठेवा, डब्यात सुकी-ओली पानं धुमसवून पाइपने गार झालेला धूर अर्धा-पाऊण तास आत सोडा, मग हलकेच पाणी द्या. नोव्हेंबरात पेरावं, दिवस उबदार आणि रात्र गार असा फरक बियांना लागतो. दीड-दोन महिने ट्रे हिरवा दिसला नाही तरी फेकू नका. फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात.

जमिनीत

जांबोटी-खानापूरच्या उतारावर ज्यांची जागा आहे त्यांनी कॅनालिक्युलाटा किंवा काफ्रा जमिनीत लावून बघायला हरकत नाही. उताराच्या वरच्या अंगाला, दीड फूट उंच वाफा करून, निम्मा जांभ्याचा चुरा आणि निम्मी पानकूज. पहिल्या दोन पावसाळ्यांत वर कागदाचं लहान छप्पर द्यावंच लागेल. सगळी झाडं एका जागी लावू नका, आणि त्यांची दोन भावंडं कुंडीत ठेवा.

या कुंडीतल्या भावंडांचं महत्त्व एका गोष्टीने मला पटलं. एरिका व्हर्टिसिलाटा ही गुलाबी हीथ केपटाऊनच्या सपाटीवर वाढायची. शहर पसरत गेलं आणि विसाव्या शतकात ती रानातून नाहीशी झाली. मग १९८४ मध्ये प्रिटोरियाच्या एका उद्यानात तिची झाडं सापडली. क्यूच्या आणि व्हिएन्नाच्या संग्रहांतही ती जिवंत निघाली, तिथल्या माळ्यांनी काडीवरून काडी लावत जपलेली. त्या काड्यांपासून वाढवलेली रोपं आता केपटाऊनच्या राखीव रानांत परत लावली आहेत.

माझ्या छपराखाली यंदा कॅनालिक्युलाटाच्या नऊ काड्या लागल्या आहेत. तीन शेजारच्या अक्कांना, दोन येळ्ळूरच्या एका मैत्रिणीला द्यायच्या ठरल्या आहेत. अक्कांची रोपं ऑक्टोबरपर्यंत माझ्याच छपराखाली राहतील, त्यांच्या गच्चीवर अजून पन्हळ बसायची आहे.